हाली आणि कलदार : परक्या मुलखाचा पैसा कसा ओळखावा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्यापाशी आला व त्याने खिशातून एक लहानशी, धुऊन धुऊन रंग उडालेली चंची काढून ती आमच्या मेजावर रिकामी केली. तीतून चांदीची सात नाणी निघाली. ती आजची नव्हती, आणि इंग्रजी अमदानीतील राजाचा मुखवटा असलेलीही नव्हती. प्रत्येक नाण्यावर चारमिनारची आकृती होती व भोवती फारसी अक्षरे होती. मुलगा म्हणाला, "सर, हे माझ्या पणजीचे रुपये. ती हिंगोलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन वाशीमास आली, तेव्हा तिच्या वडिलांनी हे तिच्या ओटीत घातले होते. बाबा म्हणतात, सराफाकडे नेऊन मोडून टाकू. आणि आजोबा म्हणतात, हे सात रुपये म्हणजे खरे सहाच. सात मोजले तर सहा कसे होतील?"

प्रश्न दिसावयास पोरकट, पण त्याच्या पोटी पुष्कळ अर्थ साठविलेला आहे. आज आपल्या गावचा एखादा तरुण नोकरीस्तव अथवा शिक्षणास्तव समुद्रापलीकडे जातो आणि तेथील नोट हाती घेऊन गोंधळून उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनातही हाच प्रश्न असतो. म्हणून त्या मुलास त्या दिवशी थोडक्यात दिलेले उत्तर येथे काहीसे विस्ताराने लिहावे, असे आम्ही योजिले आहे. परक्या मुलखाचे नाणे हाती आले म्हणजे सूज्ञ प्रवाशाने स्वतःस पाच प्रश्न विचारावेत. हे नाणे कोणाचे? त्याचे भाग किती व कसे? आपल्या नाण्याशी त्याचा भाव काय व त्यात बट्टा किती? त्याने तेथील बाजारात काय मिळते? आणि ते कोठवर व केव्हापर्यंत चालेल? हे प्रश्न शिकण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या वाशीमच्या दक्षिणेस वाहणाऱ्या पैनगंगेच्या काठी आपले पणजोबा ते रोज सोडवीत असत.

प्रथम हे नाणे कोणाचे, ते पाहू. १८५३ सालच्या तहान्वये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, व १९०२ साली तो त्यांस कायमच्या पट्ट्याने दिला. त्यामुळे वऱ्हाडचे नाममात्र धनीपण निजामाकडे राहिले, तरी वाशीमचा कारभार इंग्रजी अंमलदार पाहत व वाशीमच्या बाजारात इंग्रजी रुपया चाले. हिंगोली मात्र निजामाच्या प्रत्यक्ष राज्यात होती. पैनगंगा ही पुष्कळ अंतरापर्यंत या दोन राज्यांची सीमा होती. नदीच्या अलीकडे एक पैसा, पलीकडे दुसरा. भाषा मात्र दोन्ही तीरांवर मराठीच, सोयरीकही एकमेकांत, आणि शेतांतील ज्वारी व कापूसही एकच. आजही वाशीमहून हिंगोलीकडे जाताना वाटेत जे गाव लागते त्याचे नाव कनेरगाव नाका असे आहे. निजामाच्या राज्यात मालावर जी जकात बसे तिला करोडगिरी म्हणत. म्हणजे सीमेवर मालाची झडती होई, आणि व्यवहार करणाराच्या बुद्धीचीही.

इंग्रजी रुपयास लोक कलदार म्हणत. कळ म्हणजे यंत्र. यंत्राच्या कळीने पाडलेला, काठ सारखा व छाप स्वच्छ असलेला, तो कलदार. त्यापूर्वीचे रुपये टांकसाळीत हातोड्याने पाडीत, त्यामुळे एकाचा आकार दुसऱ्याशी जुळत नसे. निजामाच्या रुपयास हाली शिक्का हे नाव होते. हाल म्हणजे वर्तमानकाळ. जो सध्या चालू आहे तो हाली. पुढे हैदराबादेतही यंत्राने नाणी पडू लागली व विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांवर चारमिनार आला, तरी पूर्वीची नावे लोकांच्या जिभेवरून गेली नाहीत. चारमिनारच्या मधल्या कमानीत पाहिले तर एकच फारसी अक्षर दिसते. ते मीम असेल तर नाणे महबूब अली खान यांच्या काळचे व ऐन असेल तर उस्मान अली खान यांच्या काळचे. आमच्या विद्यार्थ्याच्या सातही नाण्यांवर ऐन होता आणि एकावर हिजरी १३३७ हे वर्ष होते. त्या वर्षाचा प्रारंभ इसवी सन १९१८ मध्ये झाला. नाणे कोणाचे हे ओळखण्यास अशी बारीक नजर लागते. जो चित्र पाहतो पण अक्षर वाचीत नाही, त्यास नाणे निम्मेच कळते.

दुसरा प्रश्न भागांचा. येथे एक गंमत होती. दोन्ही मुलखांत रुपयाचे आणे सोळाच व आण्याच्या पै बाराच. परंतु इंग्रजी मुलखात पाव आण्याचा पैसा, म्हणजे तीन पैंचे नाणे, सर्वत्र खेळे; एका आण्यास असे पैसे चार. निजामाच्या मुलखात दोन पैंचे नाणे चाले. आण्यास अशी नाणी सहा. म्हणून वाशीमचा मुलगा हिंगोलीच्या बाजारात फुटाणे घेऊन आण्याची मोड मागे, तेव्हा त्याच्या हातावर चारांऐवजी सहा तांब्याची नाणी पडत, आणि त्यास क्षणभर आपण श्रीमंत झालो असे वाटे. नाणी अधिक म्हणजे पैसा अधिक, ही समजूत बालपणी गोड असते. ती मोठेपणी राहिली तर महागात पडते.

आता तिसरा प्रश्न, म्हणजेच सातांचे सहा कसे होतात. कलदार रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्याच्या बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. यामुळेच आपल्याकडे रुपये तराजूत टाकून वजने करण्याची चाल पडली. ऐंशी रुपयांच्या भाराचा एक शेर होई. हाली रुपया वजनाने थोडा कमी, म्हणजे सुमारे ११.१८ ग्रॅम होता, व त्यात चांदीचे प्रमाण हजारांत ८१८ होते. हिशेब करून पाहा. एका कलदारात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, आणि एका हालीत सुमारे ९.१४ ग्रॅम. आता सहा कलदार एका पारड्यात व सात हाली दुसऱ्या पारड्यात घाला. दोन्हीकडे शुद्ध चांदी सुमारे ६४ ग्रॅमच भरते! सात हालीस सहा कलदार हा जो ठोकळ भाव लोकांच्या तोंडी होता, तो कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने ठरलेला नव्हता. त्याच्या मुळाशी हे पारडे होते. आजोबांचे बोलणे या अर्थाने अक्षरशः खरे होते.

हा भाव अधिक काटेकोर मांडावयाचा तर शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा मांडीत. एका कलदाराचे १ रुपया २ आणे ८ पै हाली होत. उलट एका हालीचे सुमारे १३ आणे साडेआठ पै कलदार होत. बाजारात हा भाव मागणीप्रमाणे थोडा वरखाली होई, पण मुळापासून फार दूर जात नसे. अशिक्षित माणसे यासाठी एक सोपी युक्ती वापरीत: कलदाराचे हाली करताना सहावा हिस्सा मिळवावा, व हालीचे कलदार करताना सातवा हिस्सा वजा करावा. येथे पुष्कळजण फसत. साठ कलदारांत सहावा हिस्सा, म्हणजे दहा, मिळविले की सत्तर हाली होतात. आता या सत्तरांचे पुन्हा कलदार करताना कोणी घाईने सहावाच हिस्सा वजा केला, तर उरतात ५८ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे नदी ओलांडून परत येईपर्यंत १ रुपया १० आणे ८ पै कोणी न चोरता नाहीसे झाले! आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. आजच्या काळीही शेकडा वीस वाढवून मग शेकडा वीस कमी केले की मूळ रक्कम परत येते असे समजणारे लोक भेटतात. त्यांची चूक हीच आहे.

यावरही एक गोष्ट उरते, ती बट्ट्याची. एक नाणे घेऊन दुसरे देणारा सराफ आपल्या श्रमाबद्दल व जोखमीबद्दल काही कापून घेई. त्यास बट्टा म्हणत. नाणे झिजलेले असले, भोक पाडलेले असले अथवा दूरच्या टांकसाळीचे असले, तर बट्टा वाढे. पेशवाईत व त्यानंतरही काही काळ महाराष्ट्रात चांदवडी, अंकुशी अशा अनेक तऱ्हांचे रुपये चालत, व प्रत्येकाचा बट्टा वेगळा असे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या ताब्यातील मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया ठरविला, तेव्हा हा घोळ पुष्कळ कमी झाला. बट्टा सराफकट्ट्यावरून उठून पुढे आपल्या भाषेत येऊन बसला. नावास बट्टा लागला, असे आपण अजून म्हणतो. ज्याच्या शब्दाची किंमत समोरचा माणूस थोडी कापून धरतो, त्याची स्थिती बाहेरच्या टांकसाळीच्या रुपयासारखी होते.

बट्ट्याहून मोठी हानी मोघम बोलण्याने होई. समजा, वाशीमकडील एका शेतकऱ्याने हिंगोलीच्या बाजारी आपला बैल सत्तर रुपयांस विकला. त्याच्या मनात कलदार, घेणाऱ्याच्या मनात हाली. कोणता रुपया हे दोघांपैकी कोणीच बोलले नाही. पैसे मोजून घेतेवेळी चारमिनार दिसला, आणि सत्तरांचे साठ झाले. यात घेणाऱ्याने लबाडी केली असे म्हणता येत नाही. आपल्या गावी आपला रुपया तोच रुपया, असे दोघेही मानीत होते. म्हणून जाणते लोक दस्तऐवजात नुसते शंभर रुपये असे न लिहिता, शंभर रुपये कलदार किंवा शंभर रुपये हाली, असे स्पष्ट लिहून घेत. परक्या मुलखात पहिला धडा हाच: केवळ आकडा बोलू नये, नाण्याचे नावही बोलावे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. समजा, वाशीमास ज्वारीचा भाव मणास तीन रुपये कलदार आहे व हिंगोलीस साडेतीन रुपये हाली. उतावळा मनुष्य म्हणेल, हिंगोलीस ज्वारी महाग. परंतु तीन कलदारांत सहावा हिस्सा मिळविला की बरोबर साडेतीन हाली होतात. म्हणजे दोन्ही ठिकाणी भाव एकच. हिंगोलीस भाव सव्वातीन हाली असता, तर ज्वारी तेथे उलट स्वस्त ठरली असती. नाणे हलके म्हणून मुलूख दरिद्री, किंवा आकडा मोठा म्हणून वस्तू महाग, असे अनुमान बांधणे चुकीचे होय. पैशाचे खरे माप पैशात नसते. एका दिवसाच्या मजुरीत किती भाकरी येतात, यात असते. प्रवाशाने नव्या गावी उतरताच प्रथम साध्या माणसाच्या जेवणाचा खर्च विचारावा. तेवढ्याने त्या मुलखाच्या पैशाची नाडी हातास लागते.

उरला पाचवा प्रश्न: नाणे केव्हापर्यंत चालेल? सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० पासून तेथे भारतीय रुपया हालीबरोबर चालू लागला, व सातास सहा हाच भाव कायम ठेवण्यात आला. १९५१ मध्ये हाली पाडणे बंद झाले, व १९५९ मध्ये हाली रुपया चलनातून पूर्णपणे रद्द झाला. दरम्यान १९५७ साली एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून सोळा आण्यांच्या जागी शंभर नवे पैसे आले होते. म्हणजे हिंगोलीकडील एका वृद्ध माणसास दहा वर्षांच्या आत प्रथम हालीचे भारतीय रुपये व मग आण्यांचे नवे पैसे, असे दोन हिशेब नव्याने शिकावे लागले. ज्यांस वेळीच कळले त्यांनी नाणी बदलून घेतली. ज्यांच्या घरी मडक्यात, पेटीत, लुगड्याच्या गाठीत नाणी राहून गेली, त्यांच्या हाती केवळ चांदी राहिली. त्यापूर्वीच, म्हणजे १९१८ पासून, निजाम सरकारने कागदी नोटाही काढल्या होत्या, व त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी अक्षरेही असत. त्या नोटा ज्यांच्या घरी राहिल्या, त्यांच्या हाती चांदीसुद्धा उरली नाही. २०१६ सालच्या नोव्हेंबरात ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आपल्या पिढीनेही हा धडा रांगेत उभे राहून घेतला आहे.

येथवर आपण पैनगंगा ओलांडली. आता तेच पाच प्रश्न बरोबर घेऊन एकदम दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जाऊ. हा देश आम्ही उगाच निवडलेला नाही. स्पॅनिश लोकांच्या अमदानीत ज्या विस्तीर्ण प्रांतास पेरू म्हणत, त्यात पोतोसी नावाचा डोंगर होता. तो हल्ली बोलिव्हिया देशात आहे. तेथे १५४५ साली चांदी सापडली. त्या चांदीची नाणी जहाजांतून युरोपात जात, व तेथून व्यापाऱ्यांच्या हातांनी सुरतेस येत. मोगली मुलखात परके नाणे चालत नसे. म्हणून ती चांदी टांकसाळीत वितळवून तिचे रुपये पाडीत. तेव्हा आपल्या जुन्या रुपयात त्या दूरच्या डोंगराचा अंश मिसळला आहे. ज्या देशाची चांदी आपल्याकडे एवढा प्रवास करून आली, तेथे आपला विद्यार्थी गेला तर त्याने काय करावे?

पेरूच्या नाण्याचे नाव सोल. स्पॅनिश भाषेत सोल म्हणजे सूर्य. १८६३ साली हे नाणे प्रथम निघाले. पुढे महागाईने त्याची किंमत इतकी घसरली की १९८५ मध्ये हजार सोलांचा एक इंती करण्यात आला. इंती म्हणजेही सूर्यच, पण तेथील मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेत. परंतु नाव बदलल्याने रोग बरा होत नाही. १९९० या एका वर्षात तेथील किंमती सत्तर पटींहून अधिक वाढल्या. अखेर १९९१ मध्ये दहा लाख इंतींचा एक नवा सोल ठरला. या हिशेबाने एका नव्या सोलात जुने सोल शंभर कोटी बसतात. पन्नास लाख इंतींची नोट ज्याच्या खिशात होती, त्यास तिचे पाच नवे सोल मिळाले. त्यानंतर त्या देशाने आपला पैसा सावरला, व २०१५ च्या डिसेंबरात नावातील नवा हा शब्दही गळाला. आता ते पुन्हा नुसते सोल आहे. म्हणून पहिला व पाचवा प्रश्न तेथे एकदमच विचारावे लागतात: ही नोट कोणत्या सोलाची, व ती आज चालते काय? जुनी इंतीची नोट दिसावयास देखणी असते व तीवरील शून्ये पाहून नवख्याचे डोळे दिपतात. पण ती आता संग्राहकाच्याच उपयोगाची आहे.

भाग पाहू जाता हिशेब आपल्यास सोपा आहे. एका सोलाचे सेंतिमो शंभर. नाणी १०, २० व ५० सेंतिमोंची, तसेच १, २ व ५ सोलांची. नोटा १०, २०, ५०, १०० व २०० सोलांच्या. पाच सेंतिमोंचे नाणे २०१९ पासून चलनातून गेले. लहान दुकानात मोठ्या नोटेची मोड सहसा मिळत नाही, म्हणून लहान नोटा जवळ बाळगाव्यात. तेथे खोट्या नोटांचा सुळसुळाट असल्याने दुकानदार नोट बोटांनी चाचपून, उजेडात धरून पाहतो. आपले आजोबा रुपया दगडावर वाजवून पाहत, तसाच हा प्रकार आहे; त्यात कोणी अपमान मानू नये, उलट आपणही तसेच करावे. फाटकी नोट मात्र घेऊ नये, कारण ती पुढे कोणी घेत नाही.

शेजारच्या देशांत गेल्यास आकड्यांचे आणखी एक कोडे पडते. चिली, कोलंबिया व अर्जेंटिना येथील नाण्यास पेसो म्हणतात, आणि पेसो दाखविण्यास तेच चिन्ह वापरतात जे आपण अमेरिकन डॉलरचे समजतो. शिवाय हजारांनंतर आपण जेथे स्वल्पविराम देतो, तेथे ते टिंब देतात, व दशांशाच्या जागी स्वल्पविराम. भिंतीवर डॉलरसारखे चिन्ह व पुढे १.५०० असे पाहून एखादा नवखा दीड डॉलर समजेल, व दुसरा दीड हजार डॉलर समजून पळ काढील. वास्तविक ते असतात दीड हजार पेसो. चिन्ह तेच पण नाणे वेगळे, हा प्रकार आपणांस नवा नव्हे. नदीच्या दोन्ही तीरांवर शब्द रुपया हाच होता.

आता भाव व बट्टा. आपला रुपया पेरूतील सराफाच्या दुकानी सहसा चालत नाही. म्हणून प्रवाशास रुपयांचे प्रथम डॉलर करावे लागतात व मग डॉलरचे सोल. म्हणजे बट्टाही दोनदा द्यावा लागतो. तेथील सराफाच्या फलकावर दोन आकडे असतात. एकापुढे कोंप्रा, म्हणजे आम्ही घेतो तो भाव. दुसऱ्यापुढे बेंता, म्हणजे आम्ही विकतो तो भाव. समजा, एका डॉलरपुढे कोंप्रा ३.७० सोल व बेंता ३.७६ सोल असे लिहिले आहे. तुम्ही शंभर डॉलर दिले की ३७० सोल मिळतील. तेच शंभर डॉलर परत घेऊ म्हणाल तर ३७६ सोल द्यावे लागतील. मधले सहा सोल हा बट्टा. जेथे दोन आकड्यांतील अंतर थोडे ते दुकान चांगले, व जेथे अंतर फार तेथून पुढे चालावे. हे एवढे गणित ज्यास येते, त्यास कोणत्याही देशाच्या विमानतळावर सहजासहजी कोणी नाडणार नाही.

आणि चौथा प्रश्न तेथेही विसरू नये. एका सोलास आपले रुपये अनेक पडतात, यावरून तो देश आपल्याहून तितक्या पटीने श्रीमंत असे होत नाही. चिलीच्या हजार पेसोंची नोट पाहून तेथे सर्वजण धनिक, असेही होत नाही. लिमा शहरातील मजुरास दिवसभराच्या कामाचे किती सोल मिळतात व त्यांत त्याच्या घरच्यांचे जेवण कसे होते, हे पाहिले म्हणजे सोल कळला. जो प्रवासी प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात रुपयांत करून कुढत बसतो, त्याचा प्रवास घडूनही न घडल्यासारखा होतो. आणि जो हिशेबच करीत नाही, तो रित्या हाताने घरी येतो. दोहोंच्या मधला मार्ग अभ्यासाने साधतो.

असो. आता त्या सात रुपयांकडे वळू. ही सर्व हकीकत ऐकून आमचा विद्यार्थी घरी गेला व त्याने आजोबांस विचारले, की पणजीच्या वडिलांनी ओटीत सातच रुपये का घातले असतील? शुभकार्यात रक्कम विषम असावी म्हणून पाच किंवा अकरा का नव्हेत? दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला. आजोबांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकले होते, की तिचे वडील लिहिणेवाचणे जाणत नव्हते, पण बाजार जाणत होते. नदीपलीकडे गेल्यावर हालीचे कलदार करावे लागतील, आणि सासरी अडीअडचणीस लेकीच्या हाती मोडके आणे न पडता पुरे सहा रुपये पडावेत, म्हणून त्यांनी सात मोजून दिले होते. तिने ते कधी बदललेच नाहीत. १९५९ पर्यंत ती मुदत होती; मुदत संपल्याचेही तिला ठाऊक होते, असे आजोबा म्हणतात.

पुढे पालकसभेस त्या मुलाचे वडील भेटले. सराफाने सातही नाणी तोलून चांदीचा भाव सांगितला होता व तो वाजवी होता, असे ते म्हणाले. आम्ही त्यांस काहीच सुचविले नाही. घरातील वस्तूचा निर्णय घरच्यांनीच करावा. ते थोडे थांबून म्हणाले, "सर, पोराने सगळ्यांसमोर तो सातावा हिस्सा वजा करून दाखविला आणि आमच्या मातोश्री रडू लागल्या. मग मी ती चंची पुन्हा पेटीत ठेवून दिली."

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या हिंगोलीपेक्षा पुष्कळ दूर जाईल. त्यावेळी परक्या नोटेवरील चित्र पाहा, अक्षर वाचा, भाग मोजा, भाव विचारा, व तेथील गरिबाची भाकरी किती पैशांस येते ते जाणून घ्या. आणि पालकांस आमची एवढीच विनंती, की आपल्या घरी पेटीच्या तळाशी अशी नाणी असल्यास ती मुलांच्या हाती एकदा द्यावीत व त्यांचा हिशेब त्यांजकडून करवून घ्यावा. ती कोणी, कोणासाठी व किती विचार करून मोजली होती, हेही त्यांस सांगावे.